बांधावरून दिसेल तेवढं

७ जानेवारी, रविवार
ती दिसली. उजाडताना बांधावर पालथा पडून होतो. माळाच्या पलीकडे, ओघळीच्या काठाला येऊन उभी राहिली, कान टवकारले, मान वळवली आणि गेली. मी बटण दाबत राहिलो. आता बजाजनगरला घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतोय तर सगळ्या फोटोंत एक भुरकट डाग. सुनंदा खांद्यावरून डोकावून म्हणाली, "कुणाचं पोतं पडलंय का माळावर?" बायकोशी वाद घालावा तर पोतंच दिसतंय.

दादा, माझा थोरला भाऊ, तिथं मेंढरं राखतो. त्याने मात्र माळावरच कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून लगेच ओळखलं. "तीच हाय. व्याली वाटतं." तो लांडगीण म्हणत नाही. मेंढरांजवळ तिचं नाव काढायचं नाही, ही वडलांपासूनची, आप्पांपासूनची रीत. मी कंपनीत लागून इतकी वर्षं झाली तरी कन्नड गाव ओलांडून माळावर आलो की मीही 'ती'च म्हणतो.

जुन्या लेन्सचं हे काम नव्हे. अडीचशे मिलिमीटरमध्ये बारशाचे फोटो निघतात.

१० जानेवारी
दादाचा फोन. विठ्ठलरावांचं करडू गेलं. मेंढरं सध्या त्यांच्याच शेतात बसवलीत. शेताला लेंडीखत मिळतं, दादाला धान्य आणि विहिरीचं पाणी, हे दरवर्षीचं आहे. करडू त्यांच्या नातीचं लाडकं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. पोरगी जेवत नाही म्हणे. विठ्ठलराव पेटलेत. तिच्या बिळात धूर करून तोंड बुजवून टाकू म्हणतात.

दादाचं म्हणणं, कुत्र्यांनी नेलं. रस्त्याच्या कडेला कोंबडीवाले घाण टाकतात, तिथली कुत्री माजलीत. "माझं एक कोकरू गेलेलं नाय. ती आसती तर आधी माझ्याकडं आली आसती का नाय?" बिनतोड आहे.

मी शहाणा. म्हणालो, फोन दे त्यांच्याकडं. "काका, मी फोटो काढून दाखवतो. कुत्री आहेत का दुसरं काही, तुमच्या डोळ्यानं बघा."
"दाव की. फोटो दाव, मंग बघू. पर लई दिस थांबनार नाय."

म्हणजे आता लेन्स घ्यायचीच. इतके दिवस हौस होती, आता निमित्त आहे.

१३ जानेवारी
पैठण गेटजवळ अन्वरभाईंचं दुकान. दोन लेन्स काउंटरवर मांडल्या. दीडशे-सहाशे, म्हणजे मुसळ. आणि शंभर-चारशे, आटोपशीर, हवं तर पुढे मध्ये कनव्हर्टर लावून आणखी लांब करता येणारी. अन्वरभाई म्हणाले, "मियाँ, कनव्हर्टर नजर लंबी करता, लेकिन उजाला खाता. तुमारा जनावर किस टैम आता?"
"उजाडता उजाडता."
"फिर सोच के लेव."

सोचत सोचत रिकाम्या हातानं घरी आलो.

१६ जाने.
सहाशे. वजनाचं काय, सवय होते.

१७ जाने.
नाही, चारशे. मोटारसायकलवर कन्नडपर्यंत ते मुसळ पाठीला बांधून न्यायचं आणि वर बांधावर पालथं पडून तोलायचं. आपल्याच्यानं होणार नाही.

पण चारशे पुरेल का? एक जण व्हिडिओत म्हणतो पुरतं, बाकीचं कापून मोठं करा. दुसरा म्हणतो, कापून मोठं करणारे आयुष्यभर पश्चात्ताप करतात. दोघांच्याही पाठीमागे कपाटभर लेन्स. सुनंदा ताट वाढून थांबली होती. "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता तुम्ही." म्हटलं, तेव्हा एवढे व्हिडिओ नव्हते. हसली, पण भाजी गार झाली ती झालीच.

कंपनीत क्वालिटीला आहे मी. दिवसभर गेज लावायचा, पास किंवा रिजेक्ट. तिथं क्षणात ठरतं. घरी आलो की काय होतं कळत नाही.

२१ जाने., रविवार
कन्नडला गेलो नाही. घरी बसून लोकांनी या दोन्ही लेन्सनी काढलेले भिंतींचे फोटो इंटरनेटवर ताडून बघत होतो. विटांच्या भिंतींचे.

संध्याकाळी दादाचा फोन. विठ्ठलरावांच्या गड्यांनी बिळाच्या एका तोंडात दगड आणि काट्या कोंबल्या. ती आत नव्हती, पिल्लं होती. दुसऱ्या तोंडानं तिनं एकेक करून बाहेर काढली आणि नाल्यापलीकडं नेली. दादा लांबून बघत उभा होता. "आता बांधावरून लांब पडतंय. पर तू बांध वलांडू नको. मानसाचा वास लागला तर हितूनबी जाईल, मंग पिल्लं कुठं न्हील?"

मी विटा मोजत बसलो आणि तिकडं तिनं घर बदललं. माझ्या चालढकलीमुळं आता अंतरही वाढलं. चिडलोय. कुणावर चिडावं तेही कळत नाही, म्हणून सुनंदावर चिडलो.

२२ जाने.
शिफ्ट सुटल्यावर तडक अन्वरभाई. शंभर-चारशे. बोललोच नाही जास्त. जुनी लेन्स बदल्यात देणार होतो, काउंटरवर ठेवलीही होती. मग उचलून परत पिशवीत टाकली. त्या लेन्सनं काढलेला आप्पांचा फोटो घरात टांगलाय. आप्पांचा तेवढा एकच चांगला फोटो.

घरी सुनंदानं नवी हातात घेऊन बघितली. "जड आहे." आणि रात्रीच्या आत जुन्या जीन्सच्या कापडाची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरून दिली, बांधावर लेन्सखाली ठेवायला. मी माफी मागितली नाही. पिशवी छान झालीय एवढं म्हणालो.

२८ जाने., रविवार
लेन्स फार सुरेख. बांधावर चंडोल बसला, त्याच्या तुऱ्याची पिसं वेगळी दिसतात. पण ती नाल्यापलीकडं, बोरीच्या झुडपाशी. फोटो मोठा केल्यावर चार पाय, शेपूट, एवढं दिसतं. मी म्हणतो लांडगीण. कारण मला माहीत आहे म्हणून.

आणि इथंच माझी गोची झाली. मला तर कुत्री दाखवायची होती ना? कुत्र्यांचे फोटो रस्त्याकडेचे ढीगभर काढले. पण विठ्ठलरावांना कुत्री रस्त्यावर आहेत हे सांगायची गरज नाही. करडाच्या माळावर कोण फिरतं, ते त्यांना हवंय. ती फिरताना दिसली आणि नुसती उंदीर-ससे धरताना दिसली, तर सांगता येईल की बाबा हिचं पोट यावर चालतं. म्हणजे ती काय खाते ते दिसलं पाहिजे. तोंडात काय आहे ते.

विठ्ठलराव स्वतः आले, ताक घेऊन. माणूस वाईट नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "कुत्रं बी आसंल. ती बी आसंल." मोबाईलवर मोठा करून पाठवतो म्हणालो तर हात झटकला. "मोबाईलवर पोरं कायबी करत्यात. कॅमेऱ्यात दिसंल तेच खरं."

नात पलीकडं बाजेवर बसली होती, रिकामी बाटली घेऊन. तिच्याकडं बघवेना.

२ फेब्रुवारी
तर मग कनव्हर्टर. एक पूर्णांक चार पट की दुप्पट? दुपटीत उजेड फारच जातो, फोकस तर हातानंच करावा लागतो. एक पूर्णांक चारमध्ये उजेड निम्मा होतो. माझ्या कॅमेऱ्याला त्यात मधल्या एकाच ठिपक्यावर फोकस धरता येतो. बाकीचे ठिपके आंधळे.

कनव्हर्टरला व्हिडिओवाले टीसी म्हणतात. सुनंदाला सांगितलं, टीसी घ्यायचाय. "शाळेतून काढतायत का तुम्हाला?" मुलांना हसायला कारण झालं.

घेतला. यावेळी व्हिडिओ बघितले नाहीत. (दोनच बघितले.)

४ फेब्रु., रविवार
फजिती. अंधुकात फोकस पुढं-मागं पळतोय, लेन्स घरघरतेय, तिच्याऐवजी बोरीची काडी धरतेय. ती आली, खाली बसली, पिल्लं तिच्या अंगावर चढली, सगळं डोळ्यांनी दिसलं. कॅमेऱ्यात नुसता धुरळा. अन्वरभाईंचं बोलणं आठवून स्वतःलाच शिव्या.

ऊन आल्यावर दादाला म्हटलं, तू बघ जरा यातून. त्यानं पटका मागं सारला, डोळा लावला आणि बराच वेळ हलला नाही. "लई जवळ आनतं रे हे," म्हणाला. आणि मग, "इतकं जवळ आनावं का?" मी म्हटलं म्हणजे काय. तो मेंढरांकडं गेला.

११ फेब्रु., रविवार
आज अंधारात बटणाला हातच लावला नाही. ठरवूनच. ऊन चढेपर्यंत ज्वारीच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून पडून राहिलो, हातापायाला मुंग्या. ती उशिरा आली, नाल्याच्या वळणानं, सावकाश, मान ताठ धरून, काहीतरी वागवत. मधला ठिपका तिच्या डोळ्यावर ठेवला. बसला. फोकस बसला. ओरडावंसं वाटलं.

असा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. पिवळे डोळे. मिशांचा एकेक केस. कानाला लागलेली कुसळं. ओठावरचा ओलेपणा सुद्धा. बघतच राहिलो. मग तोंडातलं बघितलं. कोकरू. कोकराच्या कपाळावर निळा ठिपका.

शेजारच्या कळपात मिसळू नये म्हणून दादा कोकरांना निळा ठिपका लावतो. या माळावर दुसरं कुणी लावत नाही.

दादा चूल पेटवत होता. म्हटलं, "कोकरं सगळी आहेत?"
"हायेत की."
"एकही गेलं नाही?"
"नाय म्हनलं ना."
स्क्रीन पुढं धरली. काटकी चुलीत सरकवून तो वळला, बघितलं. ओळखायला क्षणही लागला नाही. "बोडक्या मेंढीचं हाय." एवढंच.

"विठ्ठलरावांना एकही गेलं नाही म्हणालास."
"गेलं ते तिचं झालं. मंग माझं कुठं गेलं?"
"दादा, हे काय बोलणं झालं?"
"आप्पांनी कवा तिच्या तोंडातलं काडलं का? का मागं लागले? तिचं तिनं न्ह्यावं, आपन आपलं राखावं. माझ्या कळपात माझं किती नि तिचं किती, ते मी बघीन." आणि थोड्या वेळानं, चहा गाळताना, "फोटू मातर झाक आलाय."

हे पहिलंच नसणार, पण विचारलं नाही. बोडकी मेंढी कळपाच्या कडेनं हुंगत फिरत होती, ती मला आल्यापासून दिसत होती आणि मी लेन्सच्या नादात होतो.

१३ फेब्रु.
कामात लक्ष नाही. पास झालेला माल परत तपासला.

दादानं मला फसवलं, याचा राग आहे. त्याहून जास्त, त्यानं जे झाकलं होतं ते मी एवढी खटपट करून उघड्यावर आणलं, याचा. विठ्ठलरावांना कळलं की दादा त्यांच्याच शेतात बसून, त्यांचंच धान्य खाऊन खोटं बोलला, तर ते शेत गेलं. बाकीचे शेतकरीही मेंढरं बसवून घेणार नाहीत. मग कळप घेऊन तो जाणार कुठं? पिल्लांचं काय होईल ते तर उघडच आहे.

आणि करडू? ते कुणी नेलं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. कुत्र्यांनीही नेलेलं असेल. फोटोत फक्त कोकरू दिसतंय.

सुनंदाला फोटो दाखवला. ती आधी "किती देखणी आहे" म्हणाली. मग निळा ठिपका दिसला. स्क्रीन माझ्याकडं वळवली. "पुसून टाका हा." पुसला नाही. पुसवत नाही. असा परत निघायचा नाही, हे एक. आणि पुसला म्हणून मला माहीत आहे ते जाणार आहे थोडंच.

१५ फेब्रु.
विठ्ठलरावांचा फोन, कंपनीतच.
"आरं, आजून एक करडू गेलं. तुझा फोटू काय निघंना. रव्यारी मी सोता येतो बांधावर. तुझ्या कॅमेऱ्यातून सोता बघतो. वळखू आली तर बीळ ठिवत नाय. नायच वळखू आलं, तर मंग जाऊ दे, कुत्र्यांचा बंदोबस्त करू. पर बघून करू. तुझ्यावर इस्वास हाय."

बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही असं सांगता आलं असतं, तेही सुचलं नाही.

१७ फेब्रु., शनिवार
दुपारी निघायचं. बॅग भरताना तासभर गेला असेल, दोन वस्तूंच्या बॅगेला.

नवी लेन्स कनव्हर्टरसकट लावली आणि विठ्ठलरावांनी डोळा टेकवला, की त्यांना ती दिसेल. डोळ्यांसकट, मिशांसकट. तोंडात काही असेल तर त्याच्यासकट. जुनी लावली तर माळावर पडलेलं पोतं दिसेल. ते म्हणतील, कुत्रं बी आसंल, आणि ताक देऊन घरी जातील. त्यांना यातलं काही कळणार नाही. कॅमेऱ्यात दिसंल तेच खरं, असं धरून चाललेला माणूस आहे. आणि ती पोरगी पुढच्या करडाला बाटली लावेल.

मघाशी दादाला फोन केला. म्हटलं, उद्या काका येणार आहेत. "म्हाईत हाय." म्हटलं, मी काय करू? फोनमधून मेंढरांची घुंगरं ऐकू येत होती. "तुझं यंत्र, तू बघ," म्हणाला. मग, "येताना निळा रंग आन. संपलाय."

सुनंदानं ज्वारीची पिशवी वर ठेवली आणि विचारलं, कुठली नेताय. दोन्ही, म्हणालो. कॅमेरा तसाच आहे, नुसतं तोंडावर झाकण. अजून एकही लावलेली नाही.