माझ्याही घशात असेल

प्रिय मंजे,

तुला जाऊन दोन महिने होत आले आणि लिहायला बसले आज, कारण काल तुझी आई पोलादपूरच्या बाजारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, "त्या मुंबईवालीनं आणलान गो दुखणं." मुंबईवाली म्हणजे आपली पूजा, तुझी सख्खी चुलतबहीण! मी काय केलं असेल? घाईत आहे म्हणून सटकले. आणि म्हणे मी आपल्या संघाची कप्तान!

नाते गावच्या कबड्डीच्या सामन्यांना आपण दहा जणी एका खोलीत निजलो होतो, आठवतं? डासांपायी खिडक्या लावलेल्या, कोपऱ्यात शेण्यांचा धूर. मला सर्दी झालेली, शिंकांनी नुसता वैताग आणलेला. तरी तू माझ्याच पांघरुणात घुसलीस आणि वर मलाच लाथा मारल्यास!

आणि आपली ती बाटली! मैदानात उतरण्याआधी सगळ्यांनी एकाच बाटलीला तोंड लावायचं, हा नियम माझा. सुट्टीला आलेली पूजा वरून धार सोडून पीत होती, तर तू तिला काय चिडवलंस! "लय शिष्ट हाय गो ही! उष्टं प्यायल्याशिवाय संघात नाय घेणार." बिचारी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "डोकं जड हाय, बाकी काय नाय." तुझी मान वाकत नव्हती. मी म्हटलं, नाटकं नकोत, चढाईला जा. का गेलीस गं? एरवी माझं एक तरी ऐकायचीस का? संध्याकाळी तापानं फणफणलीस, आणि तिसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

मग दुखणं पसरू नये म्हणून आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या. त्यांनी लघवी नारिंगी झाली, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

डॉक्टरबाईंना मी विचारलं, आणलं कुणी? त्या म्हणाल्या, "मेंदूज्वराचे हे जंतू धडधाकट माणसाच्याही घशात राहतात, तुमच्या वयात तर जास्तच. त्याला स्वतःला पत्ता नसतो. दाटीवाटीनं झोपणं, एकमेकींचं उष्टं, धूर, सर्दी, यानं त्यांचं फावतं. कुणाकडून आले ते आता कळायचं नाही. दोष कुणाचाच नाही."

पण पूजाचं काय? तुझ्या तेराव्याला ती आली तर बायकांनी तिला ओटीवरच बसवलं, पाणी वेगळ्या भांड्यात दिलं. मी बघत होते, मंजे. गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना माझ्या शिंका आठवल्या असत्या. तू असं कधीच केलं नसतंस. भांडली असतीस!

उद्या सकाळी तुमच्या वाडीवर चढून येतेय. सांगणार आहे, "काकी, सर्दी मला होती. बाटलीचा नियमही माझा. माझ्याही घशात असेल, मला नाय माहीत. पूजाला बोलव." काकी रडेल, मला शिव्या घालेल, दार लावून घेईल. लावू दे. पूजाला घरात घ्यायला काकी कबूल झाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझीच,
सायली