चौदाव्या रुमालाची गाठ

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७, बसवनगुडी

ती गाठ माझीच होती. मोडी कागदांचा गठ्ठा रुमालात बांधताना मी शेवटचं टोक आत दुमडते. वडील बेळगावच्या कचेरीत दप्तर सांभाळायचे, त्यांनी शिकवलं तसं. ऑफिसात बाकी सगळे बुटाच्या नाडीसारखी गाठ मारतात.

आणि आमचे प्रमुख, कुलकर्णी साहेब, म्हणतात की चौदाव्या रुमालातले सगळे कागद स्कॅन होऊन सीडीवर गेले. गाठ न सोडताच?

हे नवं संशोधन केंद्र व्हावं म्हणून मीच अर्जांवर अर्ज लिहिले. परवा उद्घाटन आहे, मान्य. पण संध्याकाळी सीडी मागितली तर म्हणाले, "अक्का, स्वल्प विश्वास ठेवा की! ह्या स्कॅनच्या यादीवर 'तपासले' म्हणून सही करा. उद्या दहाला टेम्पो येतोय, सगळे रुमाल गोदामात जाऊ देत." गोदामात वाळवी आहे, हे त्यांना ठाऊक नाही?

शेवटी सीडी दिली. चौदाच्या नावाखाली तेराव्याच रुमालातले कागद, पुन्हा. चूक झाली असेल? मग सीडी द्यायला एवढे आढेवेढे का? आणि बाकीच्या रुमालांवर किती गाठी अजून माझ्याच आहेत? ते बघायच्या आत साहेबांनी दिवे घालवले.

सही केली नाही. "सरी, बरं, उद्या करते," म्हटलं.

रुमाल ठेवलेल्या रेकॉर्ड रूमची एकुलती एक किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. उद्या मला ताप येणार आहे.