बेटावरचं जलदान

दौंड,
२३ जानेवारी २००१

प्रिय वहिनी,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. नणंद आळशी आहे, हे तुला नवीन नाही. आई बरी आहे, गुडघे सोडून. मीही बरी आहे, शाळेतली पोरं जेवढी बरी राहू देतात तेवढी. सणसवाडीच्या खोलीला आता तरी पाणी येतं का? की अजून कंपनीतून आल्यावर हंडा घेऊन हिंडतेस? इकडे थंडी अशी पडली आहे की सकाळी फळ्यावर खडू धरवत नाही.

तू विचारलंस ते विसरले नाही. ज्ञानदेव चांगला माणूस आहे, हे तू न लिहिताही पत्रातून कळलं. सबंध पत्रात त्याचं नाव किती वेळा आलंय ते एकदा वाचून बघ. आई दादाचा जलदान विधी करतील तेव्हाच मी ज्ञानदेवला लग्नाला होकार देईन, असं तू लिहिलंस. त्याआधी नाही. बरोबरच आहे तुझं. दादाला जाऊन चौथा हिवाळा चालू आहे. त्याचं प्रेत मिळालं नाही म्हणून आई विधी करत नाही. हरिबामामा समजूत घालायला आले होते, तेव्हा त्यांना म्हणाली होती, "पान्यानं न्हेला माझा पोरगा, आन् वर पानीच देऊ त्याला?" मामा चहा न पिता उठले.

तिचं उत्तर लिहायलाच बसले आहे. पण आधी बेटाचं सांगू दे.

तू नेहमी दादावर चिडायचीस, काय ठेवलंय त्या दगडात म्हणून. मीही तुझ्याच बाजूची होते. उन्हाळ्यात तिथे काहीच नसतं. धरणाचं पाणी मागे हटतं, चिखलातून चालत जाता येतं, आणि वर चढून बघावं तर काळे खडक, वेड्या बाभळी आणि शेळ्यांच्या लेंड्या. आमच्या जुन्या गावाचा तो माळ. गाव पाण्यात गेलं, माळ तेवढा उरला. दादा मात्र थंडी पडली की भाकरी बांधून गूळ कढवायच्या जुन्या काहिलीत, तिचीच होडी करून, बसायचा आणि वल्हवत निघायचा. एकदा ती काहील रिकामीच काठाला लागली. तेव्हापासून दर जानेवारीत आई नवनाथच्या होडीतून तिथे जाते आणि दिवस मावळल्यावर परत येते. विचारलं तर म्हणते, पोराला भेटून आले. ती वेडी होत चालली आहे असं मला वाटायचं. तुला कधी लिहिलं नाही.

परवाच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिला गोडीगुलाबीने तुझं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. होडीत ती फक्त एकदाच बोलली. "तिथं कुनी हाक मारली तर ओ देऊ नगं."

वहिनी, हिवाळ्यात ते बेट वेगळंच असतं गं. चहूकडे पाणी, काठ धुक्यात गेलेला, वारा असा की पदर सावरता सावरत नाही. बसायला धड जागा नाही, खडक टोचतात, आणि तरी उठावंसं वाटत नाही. कुणी तिथवर येऊन काही मागणार नाही, विचारणार नाही. संध्याकाळी लांबच्या देशांतले पक्षी पाण्यावर उतरतात. हजारो असतील. त्यांचा सगळ्यांचा मिळून जो कलकलाट होतो तो पक्ष्यांचा वाटतच नाही. लहानपणी जुन्या गावात बाजाराच्या दिवशी घरात बसून जसा ऐकू यायचा, तसा. भाव करणारी माणसं, हसणाऱ्या बाया. मी डोळे मिटले आणि चक्क आमच्या आळीतून चालत होते. दादाला काय लागलं होतं ते मला त्या घटकेला कळलं.

तेव्हाच मी तुझं सांगितलं. आई रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "त्यो न्हाई हे मला काहील रिकामी आली तवाच कळलं. पानी दिलं की सून बी जायाची. दोघं एकदम कशी सोडू, गौतमी?"

चार हिवाळे आपण तिला समजावत होतो की तो गेला. तिने तुला धरून ठेवलं होतं, हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी तिच्याजवळ बसून खूप रडले.

मग तिने पिशवीतून तांब्या आणि वाटी काढली. घरून आणली होती, म्हणजे मनाशी काही ठरवूनच निघाली असावी. आम्ही दोघींनी त्रिसरण म्हटलं. तिने वाटीत तांब्यातून पाण्याची धार धरली, वाटी भरून वाहायला लागली, आणि त्या वेळी सगळे पक्षी एकदम गप्प झाले. का, ते मला विचारू नकोस. त्या शांततेत माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "गौते."

मला गौते फक्त दादा म्हणायचा. पाठीमागे खडक होता.

मी ओ दिली नाही. आई वाटी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या बी देत न्हाई. कवाच दिली न्हाई." मग नवनाथ आला आणि आम्ही परतलो.

तर विधी झाला. तू मोकळी आहेस. आईने निरोप दिलाय तो तिच्याच शब्दांत लिहिते, "तिला सांग, लेक समजून तिच्या लग्नाला उभी ऱ्हाईन." तुला आता वहिनी म्हणायचं नाही, असंही तिने मला बजावलंय.

एक मागणं आहे. लग्न फेब्रुवारीतच धर. मुहूर्ताची अडचण आपल्याला नसतेच. पक्षी मार्चपर्यंत असतात, आणि आई कालपासून पुन्हा नवनाथची चौकशी करते आहे. मी तिला अडवायला हवं. पण खरं सांगते, येत्या रविवारी होडी तयार ठेव, असं मीच त्याला सांगून आले आहे. आणि ह्या वेळी हाक आली तर मी गप्प राहीन, असं मला वाटत नाही.

प्राची, आम्हाला दोघींना लग्नाच्या तयारीला म्हणून बोलावून घे. लवकर बोलाव. रविवारच्या आत.

तुझी,
गौतमी