तिरका सांधा निखळला नव्हता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा धनुष्ये बनवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या सासरच्या माणसांना मला वेडी ठरवायला वेळ लागत नाही. आधीचे मृत्युपत्र यजमान हयात असताना त्यांच्या सांगण्यावरून केले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला. "आई, विक ते आणि माझ्याकडे ये," असे ती दरवर्षी म्हणते. आता तिनेच विकावे. जावयांनी मध्ये बोलू नये.

कलम २. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. तिथे जे बोलायला उठतील, ते बोलायच्या वेळी गप्प बसले होते.

कलम ३. तळमजल्यावरचा कारखाना माझ्या वडिलांनी मला दिला. यजमान आणि धाकटे दीर लग्नानंतर तिथे आले आणि पाटीवर 'बंधू' लिहून मोकळे झाले. तो कारखाना, सगळे रंधे, शिकंजे आणि पट्टीचे टोक तिरके रंधायचा उताराचा ठोकळा मी खेळाच्या बाईंना देते. बाई शाळेत खेळ शिकवत आणि आमचे धनुष्य वापरत. त्याच धनुष्याने त्यांचा उजवा डोळा गेला.

बाई, ठोकळ्यावर घाई करू नका. लांब, सरळ रेषांचे लाकूड आता मिळत नाही, म्हणून दोन आखूड पट्ट्या तिरक्या सांध्याने जोडाव्या लागतात. पट्टी दोन मिलिमीटर जाडीची असली तरी उतार चांगला चार बोटे लांब हवा, टोकाला कागदासारखा. दोन्ही पट्ट्या एकदमच रंधा, म्हणजे उतार सारखे येतील. टोकाखाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर कड झडते. जोडून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा. सरस लावला की पट्ट्या घसरतात, तेव्हा कडेला सरळ लोखंडी पट्टी लावा आणि मगच शिकंजा आवळा. सगळा सरस पिळून काढू नका. वाळल्यावर नख फिरवा, ते कुठे अडता कामा नये. हे तुम्हाला येते. तरी लिहिते, कारण मी गेल्यावर तुम्हाला टोकणारे कोणी नाही.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण ते वगळल्यास बाकीचे मी मागे घेते.

एकोणीस वर्षांपूर्वी निवडचाचणीत बाईंनी धनुष्य पूर्ण ओढले आणि धनुष्याची वरची भुजा तुटली. चिरफळी डोळ्यात गेली. दोन दिवसांनी धनुर्विद्या संघटनेचे चिटणीस कारखान्यात आले.

"सांधा कोणी केला होता?" त्यांनी विचारले.

भाऊजींनी माझ्याकडे बोट केले. "वहिनींनी. बायकांच्या हातात जोर नसतो हो, मी कितीदा सांगितलं!"

यजमान चहाच्या कपात बघत बसले. माझ्या हातचे काम घ्यायचे नाही, असे संघटनेने कळवले. "आता आराम कर," असे म्हणून यजमानांनी मला वर पाठवले.

त्याच आठवड्यात ती भुजा मला भुशाच्या पोत्यात, जाळायच्या लाकडांत सापडली. सांधा शाबूत होता. ती तुटली होती सांध्यापासून वीतभर पुढे, जिथे लाकूड एका अंगाने पातळ झाले होते. बाईंना धनुष्य ओढायला जड वाटत होते, म्हणून ते आदल्या दिवशी भाऊजींच्या बाकावर आले होते, आणि त्यांनी कोणाला न सांगता भुजा पॉलिशपेपरने घासून हलकी केली होती.

मी यजमानांना दाखवले. "अहो, हे भाऊजींनी घासलंय."

"दिसतंय मला."

"मग बोला की!"

"जाऊ दे. भाऊ आहे माझा."

"आणि मी कोण?"

ते खाली कामाला निघून गेले. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले. मी त्यांना वेळेवर जेवायला वाढले आणि गरजेपुरते बोलले. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, किती समजूतदार जोडपे होते. मी त्यांना माफ केलेले नाही. हे लेकीला वाचून वाईट वाटेल. वाटू दे.

त्या चाचणीनंतर तीन वर्षांनी मी ती भुजा घेऊन बाईंच्या दारात गेले. त्यांनी मला बसा म्हटले नाही. तुटलेल्या जागेवरून, मग सांध्यावरून बोट फिरवले.

"इतके दिवस कुठे होता?" त्यांनी विचारले.

या कलमात माझाही दोष लिहिलेला असावा.

मी घरी आले आणि भाऊजींचे सामान रस्त्यावर काढले. कारखाना कोणाच्या नावावर आहे, हे दोघे भाऊ विसरले होते. पुढच्या आठवड्यात बाई आल्या, "शिकवा" म्हणाल्या आणि बाकावर पट्टी ठेवली. आता त्या डाव्या डोळ्याने नेम धरतात, माझ्यापेक्षा बरा सांधा करतात आणि मला तोंडावर "खडूस" म्हणतात.

कलम ५. धाकट्या दिरांना काही नाही. मागच्या महिन्यात ते आले होते. "वहिनी, झालं गेलं विसरा. वय झालं आपलं." मी म्हटले, "काय झालं होतं, ते आधी सांगा." ते उठून चपला शोधू लागले. कारखान्यातला एक खिळाही त्यांना देऊ नये.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. ज्याला यात काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे ज्यांना काही मिळणार नाही, अशी दोन माणसे मी बोलावली. सर्व कलमे वकीलबाईंनी कारखान्यात सर्वांसमोर मोठ्याने वाचली, आणि ती ऐकूनच मी सही करते.

ठिकाण : कारखाना, तळमजला
दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार १ : समोरचे छापखानेवाले (सही)

साक्षीदार २ : मृत्युपत्र करणारीचे धाकटे दीर (सही)
स्वहस्ते : कलम चार ऐकले. मीच घासले होते. वहिनींचा सांधा चांगला होता.

वरील नोंद मी चष्मा लावून दोनदा वाचली. कलम ५ मध्ये बदल नाही. (पुन्हा सही)