बाबासाठी शब्दच निघाला नाही

रविवार, १८ जानेवारी. दिग्रस.

आज आईशी खोटं बोललो. मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंगमध्ये रविवारची सुट्टी नसते. म्हणून तिकडे मेळघाटात आमच्या घरी प्रार्थना सुरू झाली की आई फोन लावून चटईवर ठेवते, अन् मी इथं कापसाच्या ढिगाआड बसून ऐकतो. आज मधेच म्हणाली, "योहान, बाबासाठी तू कर प्रार्थना. सारे थांबले तुयासाठी."

बाबा मोहाच्या झाडावरून पडले त्याला दीड वर्ष झालं. अजून उठत नाहीत. चर्चचे पाळक म्हणतात, धीर धर. रोज मागतो मी प्रभूजवळ. आज तोंडातून शब्दच निघाला नाही. "आई, आवाज येऊन नाही राह्यला," म्हटलं अन् फोन बंद केला. आवाज साफ येत होता. बाबांचा खोकलासुद्धा.

सोबतचा दिनू म्हणे, "काय बे, तुया देवाचं नेटवर्क गेलं काय?" मीही हसलो. काहून हसलो?

अंधार पडताना परत फोन लावला अन् सांगून टाकलं, की मागून मागून थकलो, आता भरवसाच वाटत नाही.

आई म्हणाली, "मले समजलंच होतं. मंग तुयासाठीच केली साऱ्यायनं. बाबाच म्हणे, माह्यं राहू द्या आज, पोराचं पाहा."

बाबाले दे फोन, म्हटलं. त्यांचा आवाज आला. जेवले काय, एवढंच विचारलं.