यंदा बदकं भरपूर आहेत

रविवार, ८ मार्च

शिकार मंडळाच्या बदक-मोजणीचा निकाल आला. आमच्या साउथलँड जिल्हाभर रानबदकं निम्म्यावर आली म्हणे. सीझन दोन महिन्यांवर आणि हा शंख! मोजली कशी, तर विमानातून खाली बघून. विमानाची घरघर ऐकल्यावर कुठलं शहाणं बदक उघड्यावर बसेल? मी नसतो बसलो.

संध्याकाळी मेव्हणा लिंडसे चहाला. आमच्या शिकार क्लबचा अध्यक्ष तोच. म्हणाला, "मर्व्ह, यंदा क्लबच्या तळ्यावर बंदुका नकोतच. सभेत ठराव मांडतोय." मी खो खो हसलो. तो हसला नाही. तळ्याकाठची आमची माईमाई, म्हणजे लपून बसायची फांद्या-पत्र्यांची खोपटी, आम्ही दोघांनी बांधली. एकतीस वर्षं सीझनचा पहिला दिवस तिथेच, खांद्याला खांदा लावून. आणि हा माणूस असं बोलतो!

संकल्प: खरी मोजणी मी करणार. जमिनीवरून. शास्त्रशुद्ध. लिंडसेने कान धरले पाहिजेत.

मंगळवार, १० मार्च. पहाटे ५

(या वेळी उठायचं होतं.)

सकाळी ९.१५

उठलो. गजर वाजलाच नाही. बायको नोएलीन म्हणते, चार वेळा वाजला आणि चौथ्यांदा मी त्याला उद्देशून जे बोललो ते ती पुन्हा उच्चारणार नाही. शक्य नाही. आजचा दिवस तयारीचा. दुर्बीण पुसली. डाएट सोमवारपासून.

रविवार, १५ मार्च

मोजणीचा शुभारंभ. मॅकीच्या कुरणातलं तळं. गाडी अगदी काठाशी नेली. दुर्बीण उचलताना कोपर हॉर्नवर पडलं. सगळी उडाली. पण उडती बदकं मोजणं जास्त कठीण, म्हणून तो आकडा जास्त भरवशाचा. अडतीस! त्यात एक नर चक्क पांढऱ्या डोक्याचा. कुणाच्या तरी पाळीव बदकाशी सोयरीक झालेली दिसते. रुबाबदार प्राणी. थवा पूर्वेकडे गेला.

शिवाय लव्हाळ्यात लपलेली धरली पाहिजेत. दर दिसणाऱ्या बदकामागे एक न दिसणारं असतंच. अडतीस दुणे शहात्तर. विमानवाल्यांना हे सुचतं का?

शनिवार, २१ मार्च

पूर्वेकडचं तळं. नोएलीन सोबत. छत्तीस. दुणे बहात्तर. आणि काय योगायोग, इथेही एक पांढऱ्या डोक्याचा!

नोएलीन म्हणाली, "मर्व्ह, हा तोच नाही का?" मी तिला समजावलं की एका पक्ष्यावरून असे निष्कर्ष काढायचे नसतात. ती गप्प बसून खिम्याची पेस्ट्री खात राहिली. पटलं की ती गप्प बसते.

रविवार, २९ मार्च

एका दिवसात पाच तळी! पुढच्या तळ्यावर पोचावं तर बदकं आमच्या आधीच हजर, नुकतीच उतरल्यासारखी धापा टाकत. आणि दर ठिकाणी एक पांढरं डोकं. ही नवी जात झपाट्याने फोफावते आहे. मंडळाला पत्ताच नाही.

लिंडसेला फोन करून सांगितलं. तर विचारतो, "मोजताना तू गाडीतून उतरतोस का रे?" काय प्रश्न! बाहेर चिखल असतो.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर

लिंडसेकडे जेवण. बदकांचा विषय काढायचा नाही, असा नोएलीनचा हुकूम. कसोशीने पाळला. गोड येईपर्यंत जेमतेम तीनदा काढला.

भांडी धुताना लिंडसे म्हणाला, "गेल्या साली पहाटेपासून दुपारपर्यंत बसलो होतो आपण. किती आली?" मी म्हटलं, वारा उलटा होता. तो म्हणाला, "चार आली, मर्व्ह. त्यातली दोन आपण मारली. घरी येताना मला बरं वाटत नव्हतं." मी म्हटलं, तो सॉसेजचा परिणाम. त्याने बशी पुसली आणि विषय बंद केला. हळवा झालाय हल्ली. वय.

शनिवार, ११ एप्रिल

उरलेली दहा तळी उरकली. एकूण सतरा. पांढरी डोकीही सतरा. आता चार्ट.

दुपारी बदक-शिट्टीचा सराव. कुत्रा घर सोडून गेला. शेजाऱ्याचा वळू मात्र कुंपणापाशी येऊन माझ्याकडे एकटक बघत राहिला. नोएलीन म्हणाली, "त्याला आशा लावू नकोस." सराव स्थगित.

शुक्रवार, १७ एप्रिल. क्लबची सभा

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

चार्ट लावला. रंगीत. एकूण बदकं एक हजार दोनशे चार! लोक अवाक. मग सेक्रेटरी बेरिल हॅगर्टबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "मर्व्हिन, त्यात पांढऱ्या डोक्याची किती?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. ठासून सांगितलं, "सतरा! दर तळ्याला बरोब्बर एक."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल. बाई म्हणाल्या, "बिचारा. किती दमवलंस रे त्याला!" आणि पुन्हा सुया उचलल्या.

एकटा लिंडसे हसला नाही. बुटांकडे बघत बसला. ते जास्त लागलं.

ठराव पास. यंदा तळं बंद. बाजूने बावीस, विरुद्ध एक. नोएलीनही सभासद आहे. गाडीत मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "चार्ट छान झाला होता."

शनिवार, २५ एप्रिल. अँझॅक डे

पहाटे शहीद सैनिकांच्या स्मारकापाशी लिंडसेच्याच शेजारी उभा राहिलो. नेहमीची जागा, इलाज नव्हता. सभेपासून बोलणं बंद. बिगुल वाजताना त्याने हात लांबवून माझी दुमडलेली कॉलर सरळ केली. मी समोरच बघत राहिलो. मानी माणूस.

निर्णय: क्लबचं तळं गेलं उडत. माझ्या शेतात स्वतःचा बांध आहे, पाणी आहे. नवी माईमाई उभारणार, एकट्याने. कुंपणावर बदकांची रांग टांगली की बावीसच्या बावीस येतील मागायला.

गुरुवार, ३० एप्रिल

माईमाई तयार. सायप्रसच्या फांद्या, जुने लाकडी पॅलेट. थोडी कलते. आत एकच माणूस मावतो. प्रशस्त वाटते.

शनिवार, २ मे. सीझनचा पहिला दिवस. पहाटे ५.४०

जागेवर. इकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड; थंडी कडक, वारा सुलटा. आज इतिहास घडणार.

७.००

लांबवर कुणाचे तरी दोन बार. इथे अजून शांत. बदकं शहाणी असतात, आधी अंदाज घेतात.

८.१०

एक पुकेको, म्हणजे निळा पाणकोंबडा, आला. चालत. माझ्याकडे बघून परत गेला.

९.००

पेस्ट्री संपली. सवयीने दोन तुकडे बांधून आणले होते. दोन्ही मीच खाल्ले. दुसरा उतरत नव्हता.

९.३०

बदकं! पण फार उंचावरून, गावाच्या दिशेने. गाडी काढली.

रात्रीच्या जेवणाआधी

बदकं सापडली. गावाच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर. तिथे बार उडवायला बंदी, आणि हे त्यांना पाठ आहे. पाणी दिसेना इतकी.

कुंपणाशी घडीच्या खुर्चीत एक माणूस पाठमोरा, हातात दाबलं की आकडा वाढणारं मोजणीचं बटण. मंडळाला स्वयंसेवक हवे होते म्हणे. वळून न बघताच म्हणाला, "इंजिन बंद कर, मर्व्ह. आणि दार हळू लाव."

मी म्हटलं, "बघ! सांगत नव्हतो? भरपूर आहेत!"

लिंडसे म्हणाला, "हो. अख्ख्या जिल्ह्यात उरलेली सगळी इथेच आहेत."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण आधी दार लावलं. हळू. त्याने दुसऱ्या खुर्चीवरचा डबा उचलून खाली ठेवला. "मोजणार? मग एका बदकाला एकदाच. आणि लव्हाळ्यातली धरायची नाहीत."

माझा आकडा चारशे बारा. त्याचा दोनशे त्रेसष्ट. त्याने बटण शून्यावर आणून माझ्या हातात दिलं. डावीकडून पुन्हा मोजली. दोनशे एकसष्ट.

वास भयंकर. नोएलीनने कपडे बाहेरच काढायला लावले. उद्या सातला पुन्हा बोलावलंय, मी तोंड उघडायचं नाही या अटीवर.