व्हय म्हणायला कुणीतरी

आई, तू जाऊन एवढी वर्षं झाली की तुला काही सांगायचं तर आधी मधलं सगळं सांगावं लागेल, आणि माझ्यात आता तेवढा दम नाही. एवढंच सांगते, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणसं का भांडतात, सवयी कशा लागतात, सुखी कोण राहतं, हे शिकवून शिकवून घसा बसलाय. कालही कोपरगावात शिक्षकांपुढे बोलले. नातं भेटवस्तूंनी किंवा सहलींनी टिकत नाही. घरातलं माणूस सहज काही बोललं की आपण त्याच्याकडे वळून बघतो का, यावर बरंच ठरतं, असं अभ्यास सांगतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र कधी एकदा खुर्चीत बसते याची वाट बघत होते.

बोलताना तुझं स्वयंपाकघर आठवत होतं. दादा साखर कारखान्यातली पाळी संपवून आलेत, मोरीवर पाय धुतायत आणि तिथूनच म्हणतायत, "आज वारं पडलंय." तू भाकरी थापतेस, नजर तव्यावर. "व्हय, पान बी हलंना." रोज तुम्हा नवराबायकोचं असलंच काहीतरी. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, याला काय उत्तर द्यायचं असतं?" तू पिठाच्या हातानं माझी वेणी ओढलीस. "मानूस बोललं तर व्हय म्हनावं. न्हाईतर त्याला वाटंल, भिंतीशीच बोलतोय." तू फार शहाणी होतीस असं मी म्हणणार नाही. रागावलीस की पातेली आपटायचीस, दादांचं ताट नुसतं पुढे सरकवायचीस. पण रागातही दादा काही बोलले तर "व्हय" तेवढं यायचं.

आमच्याकडे उलटं झालं. हे शाळेतून निवृत्त झाले, दिवसभर घरी. मी उत्तरपत्रिका तपासत बसायचे आणि हे खिडकीतून सांगायचे, समोरच्यांनी गाडी बदलली, दूधवाला आज उशिरा आला. मी नुसतं "हं" करायचे. हळूहळू यांनी सांगणं सोडलं आणि मोबाईल घेऊन बसायला लागले. तेव्हा मला जाग आली. आणि मी काय करावं? वर्गात शिकवते ते वाक्य जसंच्या तसं यांना ऐकवलं. "तुम्ही मोबाईलमध्ये असता तेव्हा मला एकटं वाटतं, अशी माझी भावना आहे." यांनी मोबाईल खाली ठेवला, चष्मा वर केला. "बाई, आज हजेरी घ्यायची राहिली का?" मला हसू यायला हवं होतं. मी उठून आत गेले.

दिवाळीनंतर हे राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर गेले, पेरूची बाग बघायला, चार दिवस म्हणून. संक्रांत होऊन गेली तरी आले नाहीत. भांडण झालेलंच नाही, आई, त्यामुळे मिटवायचं तरी काय? लेक फोनवर विचारते, बाबा कधी येणार? मी म्हणते, बागेत काम आहे. हे आता परत येणारच नाहीत अशी भीती वाटते, आणि इतकी थकलेय की नीट घाबरायलाही होत नाही.

आज दुपारी यांचा फोन आला. पाण्याची मोटर जळाली, ती दुरुस्तीला दिलीय, असं काहीबाही बोलले. आता फोन ठेवतील असं वाटलं, तेवढ्यात म्हणाले, "जेवलीस का?"

"नाही."

मग म्हणाले, "मग ये की इकडं. भाकरी टाकतो मी."

साडी बदलून झाली. पिशवी भरली. एसटीला अजून वेळ आहे म्हणून हे लिहायला बसले. तुला पाठवायचं नाही, म्हणून लिहिता तरी आलं. दुसऱ्या कुणाला हे सांगायचीसुद्धा सोय नाही. मी जेवले होते, आई. वांग्याचं भरीत केलं होतं, चांगली दीड भाकरी खाल्ली.